पेन गळतं तेव्हा आतल्या हवेकडे बघा

शाईपेनाने लिहायला आवडायचं, पण ते गळतं म्हणून सोडून दिलं, असं सांगणारे लोक नेहमी भेटतात. शर्टाच्या खिशावरचा निळा डाग, पेरांत मुरलेली शाई, लिहिता लिहिता वहीवर पचकन पडलेला थेंब यांना कंटाळून माणूस बॉलपेन उचलतो आणि चांगलं पेन ड्रॉवरमध्ये वाळत पडतं. मला याची फार हळहळ वाटते, कारण त्यातल्या बहुतेक पेनांत बिघाड असा काही नसतो. नळीत शाईबरोबर हवाही कोंडलेली असते. ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. एवढं नीट समजलं तरी बरीचशी गळती घरच्या घरी थांबते. उरलेली कुठून होते ते शोधावं लागतं, आणि तेही फारसं अवघड नाही.

आधी पेन खरोखर गळतंय का, हे ठरवा. टोपण काढल्यावर निबेच्या पाठीवर, चिरेच्या दोन्ही अंगांना शाईचा पातळ थर दिसतो. ती गळती नव्हे. काही शाया, विशेषतः गडद रंगांच्या, धातूवर अशा पसरतातच आणि त्याने लिहिण्यात काही फरक पडत नाही. फडक्याने पुसा आणि विसरून जा. टोपणाच्या आत बारीक शिंतोडे असतील तर पेनाला प्रवासात हिसके बसलेत, एवढाच त्याचा अर्थ. मात्र बोटांनी धरतो त्या पकडीवर ओली शाई येत असेल, पकड आणि नळी यांच्या सांध्यावर रंगीत रेघ उमटत असेल किंवा निबेखाली थेंब लोंबत असेल, तर कारण शोधलंच पाहिजे.

निबेखाली जो काळा तुकडा असतो, ज्याला कुणी जीभ म्हणतात, कुणी फीड, तो एकदा बाहेर काढून भिंगाखाली बघा. वरच्या अंगाला एक लांब खाच दिसेल आणि त्या खाचेच्या तळाशी अगदी बारीक एक-दोन चिरा. चिरांतून शाई केशाकर्षणाने निबेकडे येते आणि खाचेतून हवा मागे नळीत जाते. जेवढी शाई बाहेर आली तेवढीच हवा आत, असा हा चोख व्यवहार आहे. ल्युईस वॉटरमन या अमेरिकन माणसाने १८८४ मध्ये पेटंट घेतलं ते अशाच चिरांच्या रचनेचं. विम्याच्या करारावर शाई सांडून गिऱ्हाईक हातचं गेलं आणि त्यातून त्याला हे सुचलं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण तिला त्या काळातला पुरावा सापडत नाही. गोष्ट राहू द्या, रचना मात्र आजही तीच आहे. आता जिभेच्या कडेला किंवा खालच्या अंगाला कंगव्याच्या दातांसारख्या पातळ फटी दिसतील. जास्तीची शाई आली की ती या फटींत थांबते. १९४१ साली बाजारात आलेल्या पार्कर ५१ मध्ये तर फटींचा हा भाग चांगला मोठा करून पकडीच्या आत झाकून टाकला होता. फटींत मावते तोवर सगळं ठीक. त्या भरल्या की पुढचा थेंब कागदावर.

आता ही जास्तीची शाई येते कुठून? हवेचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की तिचं आकारमान साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतं. एसीच्या २४ अंशांत पडून असलेलं पेन हातात घेऊन सलग लिहीत बसलं, तर हाताच्या उबेने एवढा फरक पडायला वेळ लागत नाही. नळीतली हवा शाईच्या वाफेने दमट असते, त्यामुळे प्रत्यक्षात ती थोडी जास्तच फुगते. समजा, तुमच्या पेनात ३ मिलीलिटर शाई मावते. पेन काठोकाठ भरलेलं असताना आत हवा नावालाच असते, ती फुगून फुगून किती फुगणार? पण दोन हिस्से शाई संपली की आत २ मिलीलिटर हवा झाली. तिचे साडेतीन टक्के म्हणजे ०.०७ मिलीलिटर. शाईचा एक थेंब ०.०५ मिलीलिटरच्या आसपास असतो. म्हणजे थेंब-दीड थेंब शाई जिभेकडे ढकलली गेली, आणि फटी आधीच ओल्या असतील तर ती सरळ उत्तरपत्रिकेवर. पेन भरलेलं असताना गुणी असतं आणि शाई संपत आली की ओकायला लागतं, हा जो सगळ्यांचा अनुभव आहे, त्याचं कारण हे.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त जाणवतो, कारण आपली अस्सल देशी पेनं ड्रॉपरने भरायची. आंध्रातल्या राजमहेंद्रीत १९३२ पासून बनणारं रत्नम असो, की साध्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची पेनं असोत, अख्खी नळी हीच शाईची टाकी. शाई भरपूर मावते, मधे कुठला पंप नाही, बिघडायला काही नाही. मला ही पेनं मनापासून आवडतात. पण टाकी मोठी म्हणजे हवेलाही जागा मोठी. कन्व्हर्टरच्या, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी आत बसवलेल्या पेनात मुळात शाईच जेमतेम पाऊण मिलीलिटर मावते, त्यामुळे तिथली हवा फुगली तरी ती जास्तीची शाई जीभ सहज सामावून घेते.

तेव्हा ड्रॉपरच्या पेनाचा पहिला नियम: शाई संपेपर्यंत थांबू नका. एक तृतीयांश उरली की भरा. नळी आरपार नसेल तर रोज किती लिहिता त्यावरून अंदाज घ्या, आणि आठवड्याचा एक वार भरणीसाठी ठरवून टाका. दुसरं, लिहायला बसण्याआधी पेन निब वर करून मिनिटभर मुठीत धरा. हवा तापून जिभेच्या खाचेतून निघून जाते आणि शाई खालीच राहते. मग टोपण काढून लिहायला लागा. परीक्षेला मुलं अर्धवट भरलेलं पेन नेतात आणि तिसऱ्या पानावर डबकं करून बसतात. त्यांना सांगा, आदल्या रात्री पेन धुऊन पूर्ण भरायचं आणि एक पान लिहून बघायचं. परीक्षेच्या हॉलमधल्या उकाड्यात भरलेल्या पेनाइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पेन अडलं तर ते झटकू नका. झटकल्याने फटी शाईने भरतात, आणि पुढच्या दहा मिनिटांत हात तापला की तो थेंब पडतोच.

हवेचा बंदोबस्त झाला की सांध्याकडे वळा. पकड नळीत फिरते तिथले आटे हीच ड्रॉपरच्या पेनाची दुसरी कमजोर जागा. आट्यांमध्ये सूक्ष्म फट असतेच, आणि शाई ती फट पकडून वर चढते. यावर सिलिकॉन ग्रीससारखं औषध नाही. पेनांच्या दुकानात किंवा ऑनलाइन छोटी डबी मिळते आणि वर्षानुवर्षं पुरते. आधी आटे पाण्याने स्वच्छ करून पूर्ण कोरडे करा. ओल्या आट्यांवर ग्रीस बसत नाही. काडीपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस घ्या आणि पकडीच्या आट्यांवर, नळीकडच्या टोकापासून जरा अंतर सोडून, गोलाकार फिरवा. टोकापर्यंत लावलं तर ते आत ढकललं जातं, शाईत मिसळतं आणि जिभेच्या चिरा बुजवतं. आता पकड सावकाश फिरवत बसवा, दोनदा उघडझाप करा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. आटे एकसारखे ओलसर चमकायला हवेत, त्यांच्या खोबणी भरून पांढरं दिसायला नको. दर दोन-तीन भरण्यांनंतर हे पुन्हा करावं लागतं. नळीच्या तोंडाशी रबरी रिंग असेल तर तिलाही थोडंसं चोळा.

घरात हाताशी असतं म्हणून व्हॅसलिन लावणारे पुष्कळ आहेत. लावू नका. पेट्रोलियम जेली रबराला हळूहळू नरम करते, रिंगा फुगवते. पूर्वी आट्यांना साबण किंवा मेणबत्तीचं मेण चोळायचे. वेळ मारून न्यायला मेण चालेल, साबण मात्र शाईत उतरला की शाई अनावर वाहायला लागते. नळकामाची पांढरी टेप अडीनडीला एक वेढा गुंडाळता येते, पण जाड थर झाला तर तो आतून दाब देतो आणि प्लॅस्टिकची नळी तडकते. चटकन चिकटणारा गोंद आट्यांना लावणं म्हणजे पेन कायमचं बंद करणं. आणि गळतंय म्हणून जोर लावून आवळू नका. पकडीला तडे जातात ते बहुतेक अशा आवळण्यानेच.

कन्व्हर्टरचं पेन ड्रॉपरसारखं वापरायची हल्ली हौस आहे. हौस चांगली, पण आधी नळी उजेडात धरून बघा. मागच्या टोकाला बारीक भोक असेल, आत धातूचा भाग असेल किंवा नळी दोन तुकड्यांची असेल, तर तिच्यात शाई भरू नका. शाईने धातू गंजतो आणि भोकातून काय होईल ते सांगायला नको.

एवढं करूनही गळतंय? मग चाचणी घ्या. पेन धुऊन त्यात साधं पाणी भरा, कळायला सोपं जावं म्हणून शाईचा एक थेंब टाका. बाहेरून अगदी कोरडं पुसा. सांध्याभोवती टिश्यू पेपरची एक पट्टी, निबेच्या बुडाशी, म्हणजे ती पकडीत शिरते तिथे, दुसरी पट्टी आणि मागच्या टोकाला तिसरी गुंडाळा. निबेचं टोक कागदाला टेकू देऊ नका, नाहीतर कागद आपणहून शाई ओढून घेईल. पेन निब खाली करून एखाद्या पेल्यात तासभर उभं ठेवा. कुठली पट्टी ओली होते ते बघा. सांध्याची ओली झाली तर ग्रीस कमी पडलंय किंवा आटे झिजलेत. मागची ओली झाली तर नळी किंवा पिस्टनचं सील गेलंय. निबेच्या बुडाची ओली झाली तर निब आणि जीभ नीट बसलेल्या नाहीत, किंवा पकडीला तडा आहे. कुठलीच ओली न होता नुसता निबेवर थेंब आला, तर नळीत बाहेरची हवा कुठून तरी शिरतेय. कन्व्हर्टरचं पेन असेल तर हे बहुधा कन्व्हर्टरच्या तोंडाशी होतं.

त्या तोंडाबद्दल दोन शब्द. कन्व्हर्टर आणि कार्ट्रिज सगळ्या पेनांना सारखे बसत नाहीत. पार्करचं माप वेगळं, पायलटचं वेगळं, युरोपातल्या बऱ्याच पेनांचं आणखी वेगळं. दुकानदाराने दाबून बसवून दिला म्हणजे बसला असं नाही. बसताना टक असा स्पर्श जाणवायला हवा आणि पेन उलटं करून हलवलं तर तो हलता कामा नये. रिकामी कार्ट्रिज सुईने पुन्हा भरून वापरणारे बरेच आहेत. काटकसर म्हणून मला ते पटतं, पण काढून-घालून तिचं तोंड सैल होतं. सैल वाटली की फेकून द्या.

निब आणि जीभ यांच्यात फट पडली असेल तर पेन जास्त ओलं लिहितं आणि थेंबही पाडतं. पेन आडवं धरून उजेडाकडे बघा, निबेच्या पोटाखाली उजेडाची रेघ दिसली तर फट आहे. पहिला उपाय साधा: निब आणि जीभ एकत्र धरून सरळ ओढून काढा, धुवा, निबेची चीर जिभेच्या खाचेच्या बरोबर मधोमध येईल अशी जुळवा आणि पूर्ण आत ढकला. तरी फट राहिली आणि जीभ एबोनाइटची असेल तर ती उष्णतेने वळवता येते. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. बोटाने जोरात चोळलं की हलका गंधकाचा वास येतो, ही त्याची खूण. उकळी येऊन खाली उतरवलेल्या पाण्यात फक्त निबेचा भाग अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढताच जाड फडक्यात धरून अंगठ्याने जीभ निबेकडे दाबा आणि गार होईपर्यंत सोडू नका. गरज पडली तर पुन्हा करा. पकड गरम पाण्यात जाऊ देऊ नका. एबोनाइटची असली तर तिचा काळा रंग तपकिरी पडतो, प्लॅस्टिकची असली तर ती वाकते. प्लॅस्टिकच्या जिभेवर हा प्रयोग करू नये, ती बदललेली बरी.

शाई भरण्याच्या सवयीही बघा. दौतीत निब बुडवून कन्व्हर्टर भरला की दोन-तीन थेंब परत दौतीत सोडा, मग निब वर करून कन्व्हर्टर थोडा मागे फिरवा. त्याने जिभेतली तुडुंब शाई आत जाते आणि फटी मोकळ्या होतात. मग निब फडक्याने पुसा. हे न करता पेन तसंच खिशाला लावलं की पहिल्याच तासाला डाग पडतो आणि दोष पेनाच्या माथी येतो.

शाई फाउंटन पेनाचीच हवी, हे सांगावं लागतं, कारण दुकानात त्याच फळीवर ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाईही असते. ती वाळली की पाण्याने विरघळत नाही. ती पेनात गेली की चिरा आणि फटी दोन्ही गच्च होतात. साधी निळी शाई महिन्या-दीड महिन्यातून एकदा पेन धुतलं तर काही त्रास देत नाही. धुवायला साधं पाणी पुरतं, पाणी निवळ येईपर्यंत. शाई फारच वाळली असेल तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात चालेल, मात्र नंतर तो पूर्ण निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. पारदर्शक प्लॅस्टिक त्याने तडकतं किंवा विरघळतं.

प्रवासात तापमानापेक्षा हवेचा दाब जास्त छळतो. मुंबईहून महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १,३५० मीटर उंचीवर गेलात, तर कोंडलेली हवा साधारण १७ टक्क्यांनी फुगते. अर्ध्या भरलेल्या ड्रॉपरच्या पेनात ती पाचेक थेंब शाई बाहेर काढेल. मुंबई-पुणे प्रवासात हा आकडा याच्या निम्म्याहून कमी. विमानात केबिनमधला दाब २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका खाली येऊ शकतो, तिथे हवा एक तृतीयांशाने वाढते. उपाय तोच: पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या आणि निब वर ठेवा. निब वर असली की फुगणारी हवा शाईला न ढकलता स्वतःच बाहेर पडते. विमान चढत असताना टोपण उघडू नका. वर स्थिरावल्यावर निब वर धरून सावकाश उघडा, मग लिहा. उतरताना हवा आत शिरते, तेव्हा धोका नसतो. तैवानच्या ओपस ८८ मध्ये आणि काही जपानी ड्रॉपर पेनांत टाकीचं तोंड बंद करणारा दट्ट्या असतो. मागची कळ आवळली की टाकी बंद, जिभेजवळ उरलेल्या शाईवर पानभर लिहिता येतं. सारखा विमानप्रवास करणाऱ्याने असं पेन घेतलं तर पैसे वसूल होतात.

स्कूटरवर किंवा एसटीत पेन खिशात उभं ठेवा, बॅगेत आडवं लोळू देऊ नका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका. ओढून काढायचं टोपण हिसका देऊन काढलं तर ते आतली हवा खेचतं आणि निबेतून शाई ओढून घेतं. हळू, जरासं पिळून काढा. आणि तरीही खिशाला शाई लागलीच तर कपडा चोळू नका, टीपकागद दाबून शाई शोषून घ्या आणि गार पाण्याखाली उलट बाजूने धरा. डाग जायच्या आधी इस्त्री फिरवली तर तो पक्का बसतो.

शेवटी आजोबांच्या पेनांविषयी. कपाटातून निघालेलं, बाजूला कळ असलेलं पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं पेन बघून लगेच शाई भरण्याचा मोह होतो. त्याच्या आतली रबरी पिशवी बहुधा कडक होऊन तुकडे झालेली असते. कळ जबरदस्तीने उघडू नका, नळीत खडखडाट होतोय का ते हलवून ऐका. पिशवी बदलून मिळते, आणि जुनी पेनं दुरुस्त करणारी माणसं अजून आहेत. मुंबईत फोर्टात, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या दुकानांत विचारा. पकडीला तडा असेल तर तेही तिथेच दाखवा. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही. कोरड्या पकडीत पाणी भरून बाहेरून टीपकागद फिरवला की कागदावर बारीक ओली रेघ उठते. अशा पकडीवर ग्रीस चालत नाही, ती बदलावीच लागते. दुरुस्तीला देताना निब, जीभ, टोपण सगळं एका डबीत घालून द्या आणि परत घेताना दुकानातच पाणी भरून, निब खाली करून दहा मिनिटं उभं ठेवायला सांगा.